कर्णधार बाद झाल्यावर संघ कोण चालवतो? नागपूरच्या एका कुमारी कबड्डी संघाचे प्रकरण

पूर्व नागपुरातील एका कबड्डी मंडळाच्या कुमारी गटातील संघाचे हे प्रकरण आहे. मंडळ, प्रशिक्षक आणि खेळाडू यांची नावे येथे दिलेली नाहीत; मुलींचा उल्लेख त्यांच्या मॅटवरील जागेवरून केला आहे (‘कोपरा’ म्हणजे बचावफळीच्या टोकाला उभी राहणारी, ‘कव्हर’ म्हणजे फळीच्या आतल्या बाजूची बचावपटू). शारीरिक शिक्षण महाविद्यालयात क्रीडा मानसशास्त्र शिकवत असल्यामुळे मंडळाच्या सचिवांनी मला बोलावले, तेव्हा त्यांची मागणी एका व्याख्यानाची होती. ‘मुलींमध्ये लीडरशिप नाही, जरा मोटिव्हेशन द्या’, एवढाच निरोप होता. मागणी व्याख्यानाची असली तरी दुखणे वेगळे होते आणि ते कळण्यासाठी आधी एका सामन्याची शेवटची काही मिनिटे नीट पाहावी लागतात.

जिल्हा पातळीवरील एका प्रकाशझोतातील स्पर्धेचा तो उपांत्य सामना होता. मध्यंतराला संघाकडे सात गुणांची आघाडी होती आणि त्यातले निम्म्याहून अधिक गुण एकट्या कर्णधार मुलीच्या चढायांतून आले होते. उत्तरार्ध अर्धा सरल्यावर प्रतिस्पर्धी संघाच्या डाव्या कोपऱ्याने तिचा घोटा धरला आणि ती बाद होऊन बाहेर जाऊन बसली. बाद झालेला खेळाडू गुण मिळाल्यावर, ज्या क्रमाने बाद झाला त्याच क्रमाने परत येतो आणि बोनसच्या गुणाने कोणीही परत येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. आता ‘ताईला उठवायचे’ एवढेच मॅटवरील सहाही मुलींच्या डोक्यात उरले. एरवी चढाईपटू आत खोलवर येईपर्यंत थांबणाऱ्या बचावपटू मध्यरेषेकडे धावून धरायला जाऊ लागल्या आणि लागोपाठच्या तीन चढायांत तिघी बाद झाल्या. तीन मुली उरल्या आणि चढाईची पाळी आपली आली.

चढाई संपल्यावर समोरच्या संघाने पाच सेकंदांच्या आत आपला खेळाडू पाठवायचा असतो. या तिघींपैकी कोणीही निघाले नाही. उजव्या कव्हरने डाव्या कोपऱ्याकडे पाहिले, डाव्या कोपऱ्याने बाहेर बसलेल्या कर्णधाराकडे, आणि तिसरी मुलगी थेट प्रशिक्षकांकडे तोंड करून उभी राहिली. पंचांची शिट्टी झाली आणि चढाई न करताच प्रतिस्पर्ध्यांना एक तांत्रिक गुण मिळाला. त्यानंतर प्रशिक्षकांनी ओरडून जिला पाठवले ती मुळात बचावपटू होती. ती धरली गेली, उरलेल्या दोघी पुढच्या चढाईत बाद झाल्या आणि लोण चढला, म्हणजे अख्खा संघ बाद झाला. लोणाचे दोन गुण धरून आघाडी संपली ती संपलीच. सामना थोडक्यात गेला.

सामन्यानंतरच्या बैठकीत प्रशिक्षकांचे निदान ठाम होते. मुली घाबरट आहेत, जबाबदारी घेत नाहीत आणि कर्णधार बदलला पाहिजे. सचिवांचे म्हणणे थोडे निराळे होते: कर्णधार उत्तम आहे, तिला ‘मेंटली स्ट्राँग’ करायला हवे. दोघांनीही नेतृत्व ही एका मुलीच्या अंगातली वस्तू मानली होती. ती तिच्यात कमी असेल तर भरायची, भरता येत नसेल तर दुसरी मुलगी शोधायची. त्या पाच सेकंदांत ही मुलगी नियमानेच मॅटवर नव्हती, ही साधी गोष्ट दोघांच्याही बोलण्यात आली नाही.

कबड्डीत हा प्रश्न इतर खेळांपेक्षा तीव्र होतो. क्रिकेटचा कर्णधार बाद झाला तरी क्षेत्ररक्षणाला पुन्हा मैदानात असतो. फुटबॉलचा कर्णधार लाल कार्ड किंवा दुखापत सोडली तर सहसा नव्वद मिनिटे मैदानात असतो. कबड्डीत मात्र कर्णधारपद बहुधा सर्वोत्तम चढाईपटूला मिळते आणि चढाईपटू हाच सामन्यात वारंवार बाद होणारा खेळाडू असतो. त्यामुळे संघ अडचणीत सापडतो नेमक्या त्याच वेळी नेता बाहेर बसलेला असण्याची शक्यता सर्वाधिक असते. त्यात प्रशिक्षकाचा आवाजही नियमाने अडवलेला आहे. चढाईवर असलेल्या खेळाडूला तिच्या बाजूने इशारा किंवा सूचना दिल्यास प्रतिस्पर्ध्याला गुण देण्याची तरतूद नियमपुस्तकात आहे. गल्लीतल्या स्पर्धांत पंच या तरतुदीकडे कानाडोळा करतात, ही गोष्ट वेगळी. तीस सेकंदांच्या चढाईत निर्णय मॅटवरच्या मुलीलाच घ्यावा लागतो आणि तो घेण्याची सवय तिला सरावात लागलेली नसेल, तर सामन्यात ती आपोआप उगवत नाही.

नेतृत्वाच्या अभ्यासात या प्रसंगाला सर्वांत जवळचा दाखला खेळातला नाही. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या छंदमंडळांना निरनिराळ्या पद्धतीने वागणारे मोठे नेते दिले होते. हुकूमशाही पद्धतीच्या मंडळांत नेता समोर असेपर्यंत काम जोरात चाले. तो खोलीबाहेर गेला की काम ढेपाळे. लोकशाही पद्धतीच्या मंडळांत नेता बाहेर गेल्याने फारसा फरक पडत नसे. या प्रयोगातून ‘लोकशाही चांगली, हुकूमशाही वाईट’ एवढेच काढून ठेवण्याची रीत आहे, पण कबड्डीच्या प्रशिक्षकाने त्यातून घ्यायचा प्रश्न अधिक नेमका आहे: मी, किंवा माझा कर्णधार, खोलीबाहेर गेल्यावर काम चालू राहील अशी काय व्यवस्था मी केली आहे? आमच्या प्रकरणात उत्तर पाच सेकंदांत मिळाले होते.

प्रशिक्षकांबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण या लेखनात ते खलनायक ठरू नयेत. ते स्वतः विद्यापीठाच्या संघातून खेळलेले चढाईपटू. नोकरी सांभाळून संध्याकाळी मैदानावर येतात, मंडळाकडून मानधन नावालाच घेतात. नंदनवन, वाठोडा, दिघोरी या भागांतील मुलींच्या घरी जाऊन ‘पोरीला खेळू द्या’ म्हणून आईवडिलांची समजूत त्यांनीच काढलेली आहे. कुहीकडच्या गावांतून एसटीने येणाऱ्या दोन मुलींना शेवटची बस मिळावी म्हणून सराव कधी संपवायचा, याचे गणित त्यांना तोंडपाठ आहे. मुलींना त्यांचा धाक आहे आणि आधारही आहे. सरावात मात्र प्रत्येक चढाई कोणी करायची, साखळी कोणी धरायची, कोणाला बसवायचे, टाइमआउट केव्हा घ्यायचा, हे सर्व तेच ठरवत आणि ओरडून सांगत. ‘मी ओरडलो नाही तर ह्या मॅटवर झोपून जातील’, असे ते हसत म्हणाले. त्यांना ते खरेच वाटत होते.

त्यांच्या पद्धतीमागे एक आदर्शही होता. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक असताना विदर्भाच्या क्रिकेट संघाने २०१७-१८ मध्ये इंदूरला दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला आणि पुढच्याच मोसमात जामठ्याला सौराष्ट्राला हरवून तो राखला. पंडित कडक शिस्तीचे म्हणून प्रसिद्ध आहेत. पुढे २०२२ मध्ये मध्य प्रदेशालाही त्यांनी रणजी करंडक मिळवून दिला. ‘कडक राहिल्याशिवाय विदर्भात काही होत नाही’ हा निष्कर्ष आमच्या प्रशिक्षकांनी त्यातून काढला होता आणि नागपुरातल्या मैदानांवर तो एकट्या त्यांचाच नाही. मला तो अर्धा वाटतो. त्या विदर्भ संघात कर्णधार फैज फजल हा अनेक वर्षे देशांतर्गत क्रिकेट खेळलेला, भारताकडून एकदिवसीय सामन्यात उतरलेला नागपूरकर होता. आणि ज्याच्याकडे कर्णधारपद नव्हते तो वसीम जाफर मुंबईकडून रणजी करंडक उंचावून आलेला होता. २०१८-१९ च्या मोसमात त्याने एक हजाराहून अधिक धावा केल्या. खेळपट्टीवर दोन फलंदाज उभे असताना प्रशिक्षकाचा आवाज तिथवर पोहोचत नाही. तेथे निर्णय घेणारी प्रौढ, तयार माणसे संघात होती. कडक प्रशिक्षक आणि मैदानावरचे एकाहून अधिक नेते अशी ती जोडी होती. सोळा-सतरा वर्षांच्या मुलींच्या संघात कडकपणा तेवढा उचलला आणि दुसरी बाजू राहून गेली.

पाकियनाथन चेल्लादुराई यांची मांडणी येथे उपयोगी पडते. भारतात बास्केटबॉल खेळलेले आणि पुढे कॅनडात संशोधन केलेले चेल्लादुराई यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस क्रीडा नेतृत्वाचे बहुआयामी प्रारूप मांडले. त्यानुसार प्रशिक्षकाच्या वागण्याला तीन बाजू असतात: परिस्थिती त्याच्याकडून काय मागते, खेळाडूंना त्याच्याकडून काय हवे आहे आणि तो प्रत्यक्षात कसा वागतो. या तिन्हींचा मेळ जितका जास्त, तितकी कामगिरी आणि समाधान दोन्ही वाढण्याची शक्यता जास्त. सालेह यांच्यासोबत १९८० मध्ये त्यांनी तयार केलेल्या चाळीस विधानांच्या मापनश्रेणीत प्रशिक्षकाचे वर्तन पाच अंगांनी पाहिले जाते: प्रशिक्षण व सूचना, लोकशाही वर्तन, एकाधिकारी वर्तन, सामाजिक आधार आणि सकारात्मक प्रतिसाद. आमच्या प्रशिक्षकांना या पाचांवर तोलले तर पहिले आणि चौथे अंग भरभक्कम होते. बसची वेळ सांभाळणारा आणि आईवडिलांची समजूत काढणारा माणूस सामाजिक आधारात कमी पडत नाही. अडचण होती ती परिस्थितीची मागणी आणि प्रत्यक्ष वर्तन यांच्या मेळात. कबड्डीची परिस्थिती मॅटवर निर्णय मागत होती आणि सराव आज्ञापालन शिकवत होता.

व्याख्यान मी दिले नाही. त्याऐवजी दोन कामे केली.

पहिले काम मुलींचे. बेल्जियममध्ये काट्रीन फ्रान्सेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये नऊ सांघिक खेळांतील ४,४५१ खेळाडू व प्रशिक्षकांना विचारून खेळाडूंमधील नेतृत्वाच्या चार भूमिका तपासल्या होत्या: मैदानावर डावपेच सांगणारा, हुरूप वाढवणारा, मैदानाबाहेर संघ जुळवून ठेवणारा आणि व्यवस्थापन, पंच किंवा बाहेरच्या जगाशी बोलणारा. सुमारे ४४ टक्के सहभागींनी आपल्या कर्णधाराला यांपैकी एकाही भूमिकेत मुख्य नेता मानले नव्हते. हेच चार प्रश्न साध्या मराठीत मांडून प्रत्येक मुलीला वेगळे बसवून कागदावर विचारले. स्वतःचे नाव लिहायचे नाही, एवढी एकच अट.

उत्तरे वाचून प्रशिक्षक बराच वेळ गप्प होते. डावपेचांसाठी बहुतेक मुलींनी डाव्या कोपऱ्यातल्या मुलीचे नाव लिहिले होते, जिला प्रशिक्षक ‘मुकी’ म्हणत. हुरूपासाठी सर्वांत जास्त नाव आले ते राखीव खेळाडूंपैकी एकीचे, जी क्वचितच मॅटवर उतरत असे. मैदानाबाहेर संघ सांभाळणारी होती उजवी कव्हर. रात्री उशीर झाला की स्कूटीवर दोघींना घरी सोडणारी, रुसवेफुगवे मिटवणारी. कर्णधाराला बहुमत मिळाले ते फक्त चौथ्या प्रश्नात, पंच आणि मंडळ यांच्याशी बोलण्यासाठी. तिची लोकप्रियता कमी होती असे नव्हे. सगळ्या तिला मानत होत्या. परंतु सामना कसा चालला आहे हे ज्या मुलीला सर्वांत आधी कळते, ती दुसरी होती, आणि हे सगळ्या संघाला माहीत होते. फक्त व्यवस्थेला माहीत नव्हते.

डाव्या कोपऱ्याशी बोलताना त्या पाच सेकंदांचा विषय निघाला. ती म्हणाली, “मला दिसून राहिलं होतं सर, त्यांचा उजवा कोपरा नवीन आली होती, तिच्याकडून जायचं होतं. पण मी कशी सांगू? कॅप्टन तर ताई आहे, अन् सर बाहेरून सांगतच असतात.” त्या तीन वाक्यांत जवळजवळ संपूर्ण प्रकरण आहे. माहिती तिच्याजवळ होती, बोलण्याचा अधिकार एकीकडे होता आणि आवाज तिसरीकडे. कर्णधाराचे बोलणेही महत्त्वाचे होते. बाद होऊन बाहेर बसल्यावर आपल्यामुळे संघ हरतो आहे असे तिला वाटे आणि परत येताच सगळे एका चढाईत भरून काढायचा तिचा प्रयत्न असे. या घाईत ती पुन्हा धरली जाई. म्हणजे सगळा भार एकीवर टाकल्याने चढाईपटू म्हणून तिचाही खेळ बिघडत होता.

दुसरे काम प्रशिक्षकांचे. रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत लहान मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांचे वर्तन मैदानावर बसून नोंदवण्याची पद्धत विकसित केली. त्यांच्या अभ्यासात प्रशिक्षकांना स्वतःच्या वागण्याची जी कल्पना होती, तिचा प्रत्यक्ष नोंदींशी फारसा मेळ बसला नाही. अपवाद मुख्यतः शिक्षेचा. मुलांची निरीक्षणे त्या मानाने नोंदींच्या अधिक जवळ होती. आमच्या प्रशिक्षकांनी आधी स्वतःचा अंदाज लिहून दिला: सूचना आणि कौतुक साधारण सारखे, रागावणे कमी. मग महाविद्यालयातील एका विद्यार्थिनीने काही सरावांत कडेला बसून खुणा केल्या. सूचनांच्या रकान्यात खुणांची दाटी झाली, रागावण्याच्या रकान्यात बऱ्यापैकी, आणि कौतुकाचा रकाना जवळपास रिकामा राहिला. जे कौतुक होते ते बहुतांश कर्णधाराच्या यशस्वी चढाईनंतरचे. चांगली पकड झाली की प्रशिक्षक लगेच पुढची सूचना देत, जणू पकड होणे ही गृहीत धरलेलीच गोष्ट. बचावपटूंना स्वतःहून काही करावेसे का वाटत नव्हते, याचे एक कारण त्या रिकाम्या रकान्यात होते. हा कागद त्यांनी घरी नेला. दुसऱ्या दिवशी ‘हे खरं आहे’ एवढेच म्हणाले, आणि माझ्या मते या प्रकरणातले सर्वांत अवघड काम त्यांनी त्या रात्री केले.

त्यानंतर जे बदल झाले त्यांची आखणी प्रशिक्षकांचीच होती. माझे काम प्रश्न विचारण्याचे होते. कर्णधार बदलायचा नाही, हे आधी ठरले. कर्णधारपद काढून डाव्या कोपऱ्याला दिले असते तर नेतृत्व ही एकाच मुलीजवळ ठेवायची वस्तू आहे हीच समजूत पक्की झाली असती आणि एका चांगल्या चढाईपटूचा विनाकारण अपमान झाला असता. त्याऐवजी मॅटवर कोण नसताना कोणाचा शब्द चालेल याचा क्रम ठरला. चढाईला कोण जाणार हे कर्णधार आत असेल तर तिने सांगायचे, ती बाहेर असेल तर डाव्या कोपऱ्याने, आणि तीही बाहेर असेल तर उजव्या कव्हरने. बचावाची रचना मात्र कर्णधार आत असो वा नसो, नेहमी डाव्या कोपऱ्याने सांगायची. चढाईपटूने त्यात पडायचे नाही. टाइमआउट फक्त प्रशिक्षक किंवा कर्णधारच मागू शकतो असा मुलींचा समज होता. प्रत्यक्षात पंचांच्या परवानगीने मॅटवरील कोणताही खेळाडू तो मागू शकतो. ज्या सामन्याने हे प्रकरण सुरू झाले, त्यात उत्तरार्धातला एक टाइमआउट वापरलाच गेला नव्हता.

सरावाचा शेवटचा भाग प्रशिक्षकांनी गप्प राहायचे ठरले आणि त्या भागातले सरावसामने नेहमीच्या सात विरुद्ध सात असे सुरू न करता अडचणीतून सुरू होऊ लागले: तीन खेळाडू मॅटवर, कर्णधार बाहेर, दोन गुणांची पिछाडी, पाळी आपली. ही मांडणी साधी आहे, पण मला या साऱ्या प्रकरणात तीच सर्वांत मोलाची वाटते. दबावाबद्दल बोलून काही होत नाही. दबावाची नेमकी परिस्थिती सरावात शेकडो वेळा उभी करता येते आणि तिच्यात निर्णय घेणाऱ्याला चुकू देता येते. चुकल्यावर प्रशिक्षकांनी लगेच उत्तर द्यायचे नाही. ‘तिथे आणखी काय करता आलं असतं?’ एवढेच विचारून थांबायचे, ही त्यांच्यासाठी खरी परीक्षा ठरली. सुरुवातीला ते कडेला उभे राहून हाताच्या मुठी आवळत आणि कधी कधी न राहवून अर्धे वाक्य ओरडून मोकळे होत. मुली हसत, तेही हसत.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. कर्णधाराचे वडील मैदानावर येऊन “पोरीची कप्तानी काढून राहिले का तुम्ही?” असे विचारून गेले, त्यांची समजूत काढायला प्रशिक्षकांना पुन्हा घरी जावे लागले आणि तेथे कर्णधारानेच वडिलांना सांगितले की आता तिला जास्त चढाया करायला मिळतात. डाव्या कोपऱ्याला बोलते करणे त्याहून कठीण गेले. ‘बोल, बोल’ म्हटल्याने ती अधिकच मिटली. शेवटी प्रशिक्षकांनी तिला मोठ्याने काही सांगायला न लावता दोन बोटे, मूठ, उघडा पंजा अशा तीन खुणा ठरवायला सांगितल्या आणि रचना खुणांनी सांगण्याची मुभा दिली. आवाज नंतर आला, तोही हळूहळू आणि फक्त मॅटवर. नेता म्हणजे मोठ्याने बोलणारा, ही आपल्याकडच्या मैदानांवरची समजूत या मुलीने मोडली असे मी म्हणेन; मैदानाबाहेर ती आजही फारशी बोलत नाही.

एक गोष्ट सपशेल फसली. प्रत्येक सामन्याआधी डावपेच मतदानाने ठरवायचे असा उत्साही प्रस्ताव मुलींनी आणला आणि प्रशिक्षकांनी तो मान्य केला. बैठका लांबल्या, दोन गट पडले, ज्यांचे म्हणणे हरले त्या मॅटवर अर्ध्या मनाने खेळल्या. प्रशिक्षकांनी तो निर्णय परत स्वतःकडे घेतला आणि ते बरोबर केले. चेल्लादुराई यांनीच प्रशिक्षकाच्या निर्णयपद्धतींवरील कामात दाखवल्याप्रमाणे सहभाग किती द्यायचा हे वेळेच्या दडपणावर, प्रश्नाच्या गुंतागुंतीवर, माहिती कोणाजवळ आहे यावर आणि गट किती एकजूट आहे यावर अवलंबून असते. प्रतिस्पर्धी संघाचा अभ्यास प्रशिक्षकांजवळ होता, त्यामुळे सामन्याचा आराखडा त्यांनी सांगणे योग्य. सामना चालू असताना नवीन कोपरा कच्चा आहे ही माहिती मॅटवरच्या मुलीजवळ असते, त्यामुळे तो निर्णय तिचा. लोकशाही हे या संघाचे ध्येय नव्हतेच. निर्णय माहितीच्या जवळ नेणे हे होते.

एकाधिकाराची जागा आणखी एका बाबतीत कायम राहिली. एप्रिल-मे मध्ये नागपूरचा पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात जातो तेव्हा सराव किती वाजता, पाण्यासाठी किती वेळा थांबायचे, कोणाला चक्कर येते आहे असे वाटले की ताबडतोब बाहेर, या गोष्टींत चर्चा नाही. मुली ‘अजून एक चढाई सर’ म्हणतात आणि प्रशिक्षक नाही म्हणतात. येथे प्रशिक्षकाने मत विचारत बसणे हा बेजबाबदारपणा ठरेल. कौतुकाचा रिकामा रकाना भरायला लागलेल्या या माणसाचा आवाज पाण्याच्या वेळेला पूर्वीइतकाच चढतो आणि तो चढावा.

पुढच्या स्पर्धांचे निकाल संमिश्र आहेत. बदल सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या स्पर्धेत संघ साखळी फेरीतच बाहेर पडला आणि सचिवांनी मला फोन करून ‘सर, हे असं किती दिवस?’ असे विचारले. त्या पराभवातही मी एक वेगळी गोष्ट पाहिली होती. चार खेळाडू उरले असताना, कर्णधार बाहेर असताना, डाव्या कोपऱ्याने स्वतः टाइमआउट मागितला. तीस सेकंदांत काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही. परत आल्यावर बचावाची फळी मागे सरकली आणि समोरच्या चढाईपटूला तीस सेकंद रिकामे फिरवून परत पाठवले. सामना नंतर गेला, पण लोण चढला नाही. सचिवांना हे पटवणे सोपे नव्हते, कारण मंडळाच्या कार्यालयात फळ्यावर फक्त निकाल लिहिला जातो. त्यानंतरच्या हंगामात संघ एका स्पर्धेत अंतिम फेरीपर्यंत गेला. या दोन्हींचा संबंध मी सिद्ध करू शकत नाही. त्याच काळात दोन चांगल्या मुली नव्याने आल्या आणि एक प्रमुख प्रतिस्पर्धी संघ दुबळा झाला, हेही खरे आहे. ज्यावर मी बोट ठेवू शकतो ते एवढेच की चढाईला कोणी गेले नाही म्हणून गुण देण्याची वेळ त्या संघावर माझ्या पाहण्यात पुन्हा आली नाही.

हुरूपासाठी जिचे नाव सर्वांत जास्त आले होते त्या राखीव मुलीचे काय झाले, हेही लिहिले पाहिजे. तिला टाइमआउटमध्ये बाहेरून येऊन बोलण्याचे काम दिले गेले आणि काही महिने तिने ते मनापासून केले. पण मॅटवर उतरण्याची संधी वाढली नाही आणि बारावीच्या परीक्षेचे वर्ष आले तसे तिने येणे थांबवले. भूमिका वाटून देताना एखाद्या खेळाडूला ‘तू बाहेरून छान करतेस’ असे सांगून कायमचे बाहेर ठेवण्याचा धोका असतो. अशा मुलीला काही चढाया, काही मिनिटे ठरवून द्यायला हवी होती, असे प्रशिक्षकांचे आणि माझे आता एकमत आहे.

ज्या बाबतीत एकमत नाही ती बाब पुढच्या पिढीची आहे. डावा कोपरा लवकरच कुमारी गटाची वयोमर्यादा ओलांडेल आणि तिची जागा घेणारी मुलगी किशोरी गटातून यावी लागेल. माझे म्हणणे असे की तेरा-चौदाव्या वर्षापासून चढाईला कोण जाणार हे मुलींनी ठरवावे, कारण ही सवय उशिरा लावणे किती जड जाते ते या प्रकरणात दिसले. प्रशिक्षकांचे म्हणणे असे की त्या वयात पाय, पकड आणि दम पक्के व्हायला हवेत. कौशल्य नसलेल्या मुलीच्या हाती निर्णय दिला तर ती चूक आणि बिनचूक यांतला फरकच शिकणार नाही. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि तरी मला ते पुरते पटलेले नाही. तूर्त किशोरी गटात आठवड्याचा एक सरावसामना मुलींच्या हाती आणि बाकीचे सरांच्या हाती अशी वाटणी ठरली आहे, आणि त्या एका सामन्यात सर मैदानाच्या कुंपणाबाहेर उभे राहतील ही अट मुलींनी घातली आहे.